देवळांविना देव

कळमनुरीकडच्या माणसाला जुनं देऊळ म्हटलं की औंढा आठवतं. नागनाथाच्या त्या देवळाचा खालचा भाग यादवकाळातला, काळ्या दगडाचा, शिल्पांनी भरलेला; वरचा भाग नंतरच्या दुरुस्तीतला, चुन्याचा. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरलं आणि नंदी मागच्या बाजूला राहिला, ही गोष्ट इथल्या पोरांना शाळेत जाण्याआधी पाठ असते. नरसी नामदेव आमच्याच जिल्ह्यात आहे ना! देऊळ पडलं तरी पूजा मोडली नाही, आणि पूजा मोडली नाही म्हणून देऊळ पुन्हा उभं राहिलं, असा आमच्या बाजूचा अनुभव. भिंती येतात-जातात, देव जागेवर असतो.

कंधारला असं झालं नाही. तिथं देवळं मुळापासून गेली आणि देव मात्र उरले. कुणी किल्ल्यात, कुणी रानात, कुणी बांधावर.

नांदेड जिल्ह्यातलं, मन्याड नदीकाठचं हे तालुक्याचं गाव. राष्ट्रकूटांची मुख्य राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. पण कंधार ही त्यांची दुसरी राजधानी मानली जाते, आणि ‘कंधारपुरवराधीश्वर’ हे बिरुद शिलालेखांत मानानं आलेलं आहे. कळमनुरीच्या शाळांच्या सहली वेरूळला जातात, अजिंठ्याला जातात, दौलताबादच्या किल्ल्यावर दमून भागून येतात. ज्या घराण्याच्या पहिल्या कृष्णानं वेरूळचं कैलास लेणं करवलं, त्याच घराण्याची एक नगरी आपल्या दारापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे, हे त्या सहलीच्या गाडीत कुणी सांगत नाही. सांगायला हवं. मराठवाड्याच्या माणसाला आपला इतिहास निजामापासून सुरू होतो असं वाटत राहतं, त्याला हे न सांगणंही कारणीभूत आहे.

मार्गशीर्ष संपत आला की आमच्या रानात हळदीची पानं पिवळी पडून खाली माना टाकतात. तुरीच्या शेंगा भरलेल्या, कापसाच्या शेवटच्या वेचण्या चाललेल्या. कळमनुरी सोडून आखाडा बाळापूरकडे निघालं की दोन्ही अंगांना हेच दिसतं. हिंगोली आणि वसमतच्या हळदीच्या बाजारानं या पट्ट्याची शेती पालटून टाकली. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावोगावच्या पारावर त्याचीच चर्चा होती. अजून महिना-दीड महिन्यानं रानारानांत कढया चढतील आणि हळद शिजवण्याचा वास रस्त्यापर्यंत येईल. हा वास ज्याच्या लहानपणात आहे, त्याला तो कुठंही ओळखता येतो.

वारंगा फाट्याला नागपूरकडचा मोठा रस्ता येऊन मिळतो, आणि तिथली खिचडी खाल्ल्याशिवाय पुढं जाणारा माणूस विरळा. ट्रकवाले, लग्नाला निघालेली वऱ्हाडं, तालुक्याच्या कचेरीत काम असलेले शेतकरी, सगळे एकाच बाकड्यावर. पिवळीधमक गरम खिचडी आणि सोबत कढी. वाढणारा पोरगा ताटात जागा दिसली की पुन्हा वाढतो. पुढं अर्धापूर लागतं आणि रान एकदम हिरवं होतं, केळीचं. इसापूर धरणाचं पाणी या बाजूला फिरलं त्याची ही खूण. दाभडच्या सत्यगणपतीला हात जोडून गाड्या नांदेडात शिरतात.

नांदेडात गोदावरी ओलांडायची. हुजूर साहिबच्या गुरुद्वाऱ्यामुळे या शहरात पंजाबी पगड्या आणि मराठवाडी पटके एकाच बाजारात दिसतात. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथं देह ठेवला. तिथलं लंगर दिवसरात्र चालतं. पंक्तीत बसलेल्याला कोण, कुठला, हे विचारलं जात नाही. राजधान्यांच्या शोधात निघालेल्या माणसानं नांदेडात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वाशीमला, म्हणजे वाकाटकांच्या वत्सगुल्माला, सापडलेल्या ताम्रपटात याच भागाचा उल्लेख नांदीकट म्हणून आहे. म्हणजे आमच्या कळमनुरीच्या उत्तरेला एक जुनी राजधानी आणि दक्षिणेला दुसरी. मधल्या रस्त्यावरचे आम्ही.

गोदावरीच्या दक्षिणेला जमीन बदलते. आमच्याकडची काळी कसदार सपाटी मागे पडते आणि बालाघाटाचे फाटे सुरू होतात. मुरमाड माळ, उतारावर सीताफळीची झुडपं, खोलगटात ज्वारी आणि हरभरा. लोह्याच्या बाजारात उतरलं की बोलण्याचा सूर ओळखीचा वाटतो, ‘जायलो’, ‘करायलोत’ तसंच. पण मध्येच दख्खनी उर्दूतला एखादा ‘हौ’ किंवा ‘नक्को’ सहज येऊन जातो. आमच्याकडेही मुसलमान वस्ती जुनी आहे, कळमनुरीत नूरी बाबांचा दर्गा आहे. तरी इथं दोन्ही भाषा जास्त मोकळेपणानं एकमेकींत मिसळलेल्या वाटतात.

कंधारच्या बसस्थानकाजवळ चहाच्या गाड्यावर म्हाताऱ्या चहावाल्यानं गाव विचारलं.

“कळमनुरी? म्हणजे आपलेच की. हिंगोली पहिलं परभणीतच व्हतं.”

१ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, हे त्याला ठाऊक होतं. पण जुनी बेरीज त्यानं मोडली नव्हती. कळमनुरीत पाहुण्याला आधी ‘कोणाच्या घरचे’ असं विचारतात, सोयरीक कुठं जुळते ते बघतात, मग चहा सांगतात. इथं चहा आधी आला. आम्ही किल्ला बघायला आलोत म्हटल्यावर त्यानं गिऱ्हाइकांना हाक मारून सांगितलं, “हे बघा, पाव्हणे किल्ला बघायलेत.” त्याच्या आवाजात अभिमान होता.

कंधारचा किल्ला भुईकोट आहे. डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्या मराठी माणसाला भुईकोट आधी जरा सपाट वाटतो, पण इथला खंदक बघितला की ती भावना जाते. रुंद, खोल, पाण्यानं भरलेला. पलीकडे एकात एक दोन तटबंद्या, बुरूज, आणि सरळ आत जाऊ न देणारी, वळणावळणानं नेणारी दारं. परंपरेनं याची उभारणी राष्ट्रकूटांची मानली जाते. आज दिसतं ते बहुतेक बांधकाम पुढच्या सुलतानी राजवटींचं. बहमनी, निजामशाही, मलिक अंबरचा काळ, मोगल, शेवटी हैदराबादचा निजाम, अशा सगळ्यांचे हात या भिंतींवरून फिरले. तटाच्या भिंतीकडे जवळून बघायला लागलं की घडीव दगडांत मध्येच एखादा वेगळा दगड दिसतो. त्याच्यावर फुलांची नक्षी असते, किंवा अर्धवट घासलेली माणसाची आकृती. देवळाच्या खांबाचा तुकडा, चौकटीचा तुकडा, शिखराचा तुकडा. ज्यानं तट बांधला त्याला घडीव दगड हवा होता आणि तो गावातच पडलेला होता.

हे बघून राग यावा का? काही लोकांना येतो. पण तटाजवळ बराच वेळ उभं राहिलं की वाटतं, राजधानी जाते तेव्हा तिच्यातल्या दगडांना कुणीतरी दुसरं काम देतंच. इसवी सन ९७२ मध्ये माळव्याच्या परमार सीयकानं मान्यखेट लुटलं, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या तैलपानं कल्याणी चालुक्यांचं राज्य उभं केलं. मान्यखेट लुटलं त्या काळात पुष्पदंत नावाचा मोठा अपभ्रंश कवी त्याच शहरात होता, आणि नगरीच्या त्या नाशाचं दुःख त्यानं लिहून ठेवलं. राष्ट्रकूटांची नगरं एका दिवसात ओसाड झाली नसतील, पण देवळांना अन्न, वस्त्र, तेल पुरवणारा राजा गेला की देवळांचं काय होतं, ते गावोगावच्या पडक्या देवळांवरून कळतं.

किल्ल्यात मूर्ती मांडून ठेवल्या आहेत. मांडून म्हणजे रांगेनं, काही उघड्यावर. तीर्थंकर ध्यानात बसलेले आहेत, त्यांच्या शेजारी शैव देवता आहेत, हात तुटलेले द्वारपाल आहेत, खांबांचे आणि तुळयांचे नक्षीदार तुकडे आहेत. ज्या गाभाऱ्यासाठी त्या मूर्ती घडवल्या तो नाही, मंडप नाही, उंबरठा नाही. तरी मूर्ती बघताना एक गोष्ट मनात बसते, ती म्हणजे जैन आणि शैव मूर्तींची सरमिसळ. ती आज किल्ल्यात आणून ठेवल्यामुळे झाली असेल. पण राष्ट्रकूटांच्या नगरात ती तशीच असणार. पहिला अमोघवर्ष जैन आचार्य जिनसेनांचा शिष्य होता, आणि त्याच अमोघवर्षानं प्रजेवरचं संकट टळावं म्हणून आपल्या डाव्या हाताचं बोट महालक्ष्मीला वाहिलं, असं संजानच्या ताम्रपटात लिहिलेलं आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईला बोट देणारा जैन राजा! आपल्या आजच्या वाटण्या त्याला कळल्या नसत्या.

मूर्तींजवळ एक राखणदार होता. साठीचा, खाकी सदरा, पायात चपला नाहीत. त्याला इतिहास विचारला तर तो म्हणाला, “ते तुम्ही शिकल्याली माणसं सांगा. मला हे माहीत हाय की पावसाळ्यात ह्यांच्या अंगावर शेवाळ चढतंय, उन्हाळ्यात वाळून पडतंय.” मग त्यानं आपणहून एका तीर्थंकराच्या पायाजवळचं पाचोळ्याचं पुंजकं काढलं. आमच्या औंढ्यात पुजारी देवाला आंघोळ घालतो. इथं हे एवढंच होतं. पण ते करताना त्यानं वाकून हात लावला होता, आणि तो हात त्यानं मग कपाळाला लावला.

कंधारचा जुना वैभवकाळ कळायला या मूर्तींपेक्षाही एक शिलालेख जास्त उपयोगी पडतो. तिसऱ्या कृष्णाच्या काळातला, म्हणजे दहाव्या शतकाच्या मध्याचा. हा कृष्ण इसवी सन ९३९ मध्ये गादीवर आला आणि ९६७ पर्यंत राज्य करत होता. ९४९ मध्ये तमिळनाडूतल्या तक्कोलमच्या लढाईत त्यानं चोळांचा पराभव केला. चोळ राजपुत्र राजादित्य हत्तीवरच मारला गेला. कन्नड कवी पोन्नाला त्यानं उभयकविचक्रवर्ती म्हणून गौरवलं. इतका मोठा राजा, पण कंधारच्या लेखात लढाया नाहीत. तिथं गावातली देवळं आहेत, त्यांना दिलेली दानं आहेत, अन्नछत्रांची सोय आहे, जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आहे. एका भरभराटीच्या नगराचा रोजचा खर्च त्यात उतरलेला आहे. राजांच्या प्रशस्त्या खूप वाचायला मिळतात. कुणाच्या जेवणाची व्यवस्था कशी होती हे सांगणारा लेख मिळणं ही भाग्याची गोष्ट.

तो तलाव अजून आहे. जगत्तुंग सागर. जगत्तुंग हे तिसऱ्या गोविंदाचं बिरुद, त्यामुळे तलाव त्याच्या नावाचा मानतात, म्हणजे आठव्या शतकाची अखेर किंवा नवव्याची सुरुवात. संध्याकाळच्या आत तिथं पोहोचलो तेव्हा बांधावर बायका कपडे धूत होत्या, पोरं म्हशींच्या पाठीवरून पाण्यात उड्या मारत होती. कळमनुरीच्या बाजूला पाणी म्हणजे पैनगंगा, कयाधू, आणि आता इसापूर. तलाव बांधून पाणी धरून ठेवण्याची गरज आम्हाला एवढी पडली नाही. बालाघाटाच्या फाट्यांवर पाणी धरल्याशिवाय गाव टिकत नाही, राजधानी तर नाहीच. हजार-बाराशे वर्षांपूर्वी कुणीतरी उतार बघून, माती-दगड वाहून हा बांध घातला, आणि त्या राजाचं घराणं, त्याचा महाल, त्याची देवळं सगळं गेल्यावरही तो बांध आपलं काम करतोय. राष्ट्रकूटांच्या कंधारचं एकच बांधकाम जिवंत आहे असं म्हणायचं झालं तर ते हे. कैलास लेण्याइतकाच मान मी या बांधाला देईन.

शहर लहान आहे, तरी जगाच्या नकाशावर ते अनेकदा येऊन गेलं. इसवी सन ८५१ च्या सुमाराला सुलेमान नावाच्या अरब व्यापाऱ्याच्या वृत्तांतात जगातले चार मोठे राजे सांगितले आहेत: बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा राजा आणि बल्हारा. बल्हारा म्हणजे वल्लभराज, आपले राष्ट्रकूट. पुढं १६३१ मध्ये शहाजहानच्या फौजेनं नासिरीखानाच्या हाताखाली हाच किल्ला वेढून घेतला. बादशहानाम्याच्या हस्तलिखितात त्या वेढ्याचं चित्र आहे, पयाग नावाच्या चितारानं काढलेलं, आणि ते आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात विंडसरला आहे. त्यात धूर आहे, आग आहे, तोफा आहेत, मेलेली माणसं आणि जनावरं आहेत. अफगाणिस्तानातल्या कंदाहाराशी नावाचा घोळ होऊ नये म्हणून सांगायला हवं, की ते चित्र या दख्खनच्या कंधारचं आहे. कंधारच्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर त्याची मोठी प्रत लागायला हवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानसपुरीला गेलो. कंधारला लागूनच आहे. इथं क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे अवशेष पडलेले आहेत. पाय, हात, शरीराचे तुकडे. आधी दिसतात ती पावलं. माणसाच्या पावलाचा आकार डोळ्यांना इतका सवयीचा असतो की दगडाचं एवढं मोठं पाऊल बघताना क्षणभर मोजमापच चुकतं. तुकड्यांच्या मापावरून अभ्यासकांनी मूळ मूर्ती पन्नास फुटांच्या आसपास असावी असा अंदाज बांधला आहे. क्षेत्रपाल म्हणजे गावाचा, सीमेचा राखणदार, भैरवाचं रूप. आमच्याकडे वेशीवर मारुती असतो, कमरेएवढा, शेंदरानं गुळगुळीत झालेला. लग्नाचा नवरदेव आधी त्याच्या पायाशी जातो. काम तेच. पण ज्यानं या नगराच्या वेशीवर पाचमजली इमारतीएवढा राखणदार उभा करायचं ठरवलं, त्याच्या मनात आपलं नगर केवढं मोठं असेल!

श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर ५७ फुटांचा. गंगांचा मंत्री चामुंडराय यानं तो दहाव्या शतकाच्या अखेरीस करवला. गंग हे राष्ट्रकूटांचे मांडलिक आणि सोयरेही. तक्कोलमला राजादित्याला मारणारा गंग बूतुग हा तिसऱ्या कृष्णाचा मेहुणा. म्हणजे इतकी मोठी मूर्ती उभारण्याची हिंमत त्या काळात या दोन्ही दरबारांच्या हवेतच होती. गोमटेश्वर उभा राहिला, त्याला महामस्तकाभिषेक होतो, सबंध देश बघायला जातो. क्षेत्रपाल पडला. डोंगराच्या अंगातच कोरलेला देव आणि मैदानात उभा केलेला देव, यांच्या नशिबात हा फरक पडतो. शिवाय गोमटेश्वराच्या मागे जैन समाज शतकानुशतकं उभा राहिला. क्षेत्रपालाच्या मागे नगर होतं, आणि नगर गेलं.

एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन तिथून गेल्या. पावलांजवळ आल्यावर त्यांनी भारा न उतरवता एका हातानं नमस्कार केला. “कोण देव आहे हा?” असं विचारलं, तर म्हणाल्या, “लई जुना हाय बाबा. मोठा माणूस व्हता.” देव म्हणाल्या नाहीत, माणूसही नुसता म्हणाल्या नाहीत.

कंधारची आणखी एक ओळख सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. भाई केशवराव धोंडगे इथले. शेतकरी कामगार पक्षाचे नेते, अनेक वेळा आमदार, एकदा खासदार, सभागृहात आवाज घुमवणारे. त्यांनी इथं गुराखी गड उभा केला आणि गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवलं. ज्यांनी कधी पुस्तक हातात धरलं नाही त्यांच्या ओव्या, गाणी, म्हणी व्यासपीठावर आणल्या. २०२३ च्या पहिल्या दिवशी ते गेले. एकेकाळी उभयकविचक्रवर्ती म्हणून कवीला गौरवणाऱ्या राजाच्या गावात गुराख्याला कवी म्हणून मान मिळाला, याचं मला फार मोल वाटतं.

हाजी सय्याह सरवर मगदूम यांच्या दर्ग्यातही गेलो. हिंदू बायका नवसाचे नारळ घेऊन आलेल्या, मुजावर त्यांच्याशी मराठीत बोलत होता. चहावाला म्हणाला होता ते खरंच, इथं किल्ल्यापेक्षा गर्दी जास्त.

त्या दिवशी अमावास्या होती, मार्गशीर्षाची. कळमनुरीत ती कुणाच्या लक्षातही येत नाही. इथं तिला येळवस म्हणतात, वेळ अमावास्या, आणि लातूर-धाराशिवपासून कंधारपर्यंतची सगळी गावं त्या दिवशी रानात जातात. सकाळीच दुकानं बंद व्हायला लागली. बैलगाड्या, ट्रॅक्टर, दुचाकी, सगळ्यांवर भांडी, पोरं आणि आंबिलाची बिंदगी. लोह्याच्या रस्त्याला एका वावरापाशी गाडी थांबवली, पत्ता विचारायला. पत्ता सांगायच्या आधी जेवायला बसवलं.

ज्वारीच्या रानात कडब्याची कोप केलेली. कोपीत पाच दगड, चुन्यानं रंगवलेले, वर काव ओढलेली. ते पाच पांडव. त्यांच्यापुढं भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी, आंबील. भज्जी म्हणजे इथली खरी करामत. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, पालेभाज्या, चिंच आणि बेसन, सगळं एका भांड्यात दाट शिजवलेलं. आंबिलात ताक, ज्वारीचं पीठ, लसूण. पहिला घास रानाला, मग पांडवांना, मग माणसांना. घरधन्यानं आंबील घेऊन वावराला फेरी घातली आणि पिकावर शिंपडत गेला. आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीला सीतादही करतात, दही-भाताचा नैवेद्य. पण ते घरापुरतं, वेचणाऱ्या बायांपुरतं असतं. पोळ्याला बैलांची पूजा गावभर होते, पण जेवण घरात. इथं रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक होती. आमच्यानंतर एक दुधाचा टेम्पोवाला बसला, मग निवडणुकीच्या कामावरून परतणारे दोन मास्तर.

मालकिणीनं तिसऱ्यांदा भज्जी वाढताना नको म्हटलं तर त्या रागावल्या. “येळवसीला नाही म्हणू नये, दादा. रान बघायलंय.”

पांडवांच्या त्या पाच दगडांकडे बघताना किल्ल्यातले तीर्थंकर आठवत होते. तिथल्या मूर्ती घडवायला कारागिरांना किती काळ लागला असेल. इथले पाच दगड सकाळी बांधावरून उचलले, चुना लावला आणि देव झाले. उद्या परत बांधावर जातील. राजाच्या देवाला देऊळ लागतं, दिवा लागतो, तेलाचं दान लागतं. शेतकऱ्याच्या देवाला एक दिवस आणि घरची बिंदगी पुरते, म्हणूनच हा देव कोणत्याही लुटीतून वाचत आला असावा. अंधार पडल्यावर गवताचा हेंडगा पेटवून पोरं वावराच्या कडेनं पळाली.

लोह्याहून लातूरच्या रस्त्याला माळेगाव आहे. खंडोबाची यात्रा येळवसीच्या आदल्या दिवशी, वद्य चतुर्दशीला सुरू होते, आणि मग काही दिवस तो माळ म्हणजे एक शहरच असतं. घोड्यांच्या ओळी, गाढवांचा बाजार, उंट, कुत्री. कांबळ्यांचे, घुंगरांचे, लोखंडी कढयांचे ढीग. एका अंगाला कुस्त्यांचा फड, दुसऱ्या अंगाला लावणीचे तंबू. भंडाऱ्यानं माणसं पिवळी झालेली. व्यापारी अजूनही रुमालाखाली बोटं धरून भाव करतात. तोंडानं आकडा कुणी बोलत नाही, फक्त मान हलते. हिंगोलीच्या आमच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात पाळणे आणि दुकानं मोठी असतात, जनावरं नसतात. इथं जनावर हाच यात्रेचा प्राण आहे.

जनावरांत मान लाल कंधारीचा. राजधानीच्या नावाची ही गाय. विटेसारखा लाल रंग, रुंद कपाळ, डोळ्यांभोवती काळी कड, मध्यम शिंगं. दूध बेताचं, पण ऊन सोसणारी, कमी चाऱ्यावर तगणारी, आणि बैल काळ्या रानात नांगराला दिवसभर न थकणारे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांत ही जात पसरलेली आहे आणि देशातल्या नोंदणी झालेल्या गोवंशात तिचं नाव आहे. ट्रॅक्टर आले आणि बैलांची गरज घटली, त्यामुळे शुद्ध लाल कंधारी पाळणारे कमी होत चाललेत. जिल्हा परिषदेच्या प्रदर्शनात तिची स्पर्धा होते, आणि त्या स्पर्धेसाठी माणसं वर्षभर जनावराला लेकरासारखं जपतात.

मांडवाच्या कडेला कंधार तालुक्यातला एक शेतकरी कालवड धरून उभा होता. कालवडीच्या कपाळाला गुलाल, गळ्यात नवी घंटा. किती वयाची, असं विचारलं. त्यानं वय सांगितलं नाही, तिची आई सांगितली. मग आईची आई, ती कोणत्या गावाहून आणली होती ते. मग तिचीही आई, जी त्याच्या आजोबांनी याच यात्रेत घेतली होती. ताम्रपटांत राजाचं नाव येण्याआधी त्याचे वाडवडील असेच ओळीनं येतात, दंतिदुर्ग, पहिला कृष्ण, गोविंद, ध्रुव, पुन्हा गोविंद. हा माणूस तीन पिढ्या मागे गेला आणि कुठंही अडखळला नाही.

“विकायची का?”

“विकायला नाही आणली. बघू द्या लोकांना.” त्यानं कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला. “तुमच्याकडं लाल हाय का?”

कळमनुरीच्या बाजूला आहेत, पण मिसळलेल्या, असं सांगितलं.

“मग पुढच्या साली एक घेऊन या,” तो म्हणाला. “वळू मी दाखवतो.”